तात्यांनी पानमळा का मोडला

वटारच्या नारायणतात्यांना भांडायचे असले, की ते आधी पानमळ्याबाहेर येत. सख्खा भाऊ बांधावरून वाद घालू लागला, तर तात्या हातातली करंडी खाली ठेवत, फाटकाबाहेर रस्त्यावर जात, तिथून भावाच्या, म्हणजे स्वतःच्याच, सात पिढ्यांचा उद्धार करत, मग फाटकाशी खाकरून, चपला काढून आत येत आणि हलक्या आवाजात त्यालाच विचारत, "चहा घेतोस?" नवा मुद्दा सुचला, की पुन्हा बाहेर. कारण विचारले तर एकच उत्तर: "पान शरमतं." तलाठी असो वा बँकेचा साहेब, तात्यांच्या मळ्यात सगळे अनवाणी आणि हळू बोलणारे.

तात्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा विषय निघाला, की एक कथा हमखास सांगितली जाते: विटाळशी सून मळ्यात शिरली, म्हणून त्या कर्मठ म्हाताऱ्याने उभा पानमळा कापून टाकला. परवा एका लग्नात नंदाखालच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी ती माझ्याच पंगतीला बसून मला ऐकवली. तात्यांच्या आणि माझ्या वाडीत एकच कुंपण होते. हे गृहस्थ त्या वेळी कुठे होते ते मला ठाऊक नाही. कुंपणाशी नव्हते, एवढे नक्की.

नियम जुना होता, तात्यांनी काढलेला नव्हता. पाळी आलेल्या बाईने पानमळ्यात पाऊल टाकले तर वेल सुकते, असे आमच्याकडे सारेच मानत. त्या दिवसांत घरची बाई फाटकाबाहेरच्या दगडावर बसून आतून आलेली पाने निवडी. त्यामुळे कोण केव्हा बसली, हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला नुसत्या नजरेने कळे. एरवी त्याचे कोणाला काही वाटत नसे. तात्यांची सून विजया आली, आणि त्या दगडाकडे साऱ्या आळीचे डोळे लागले.

विजया सफाळ्याची. तिचा नवरा सदानंद पहाटेच मुंबईच्या नोकरीला निघे. सासू आधीच वारलेली. दिवसभर घरात सून आणि सासरा. तिची पाळी वेळेवर येत नसे. कधी महिन्यात दोनदा ती दगडावर दिसे, कधी दोन-तीन महिने दगड रिकामा. रिकामा राहिला, की आळीतल्या बायका हिशेब मांडत आणि समोरच्या भीमाकाकू कैऱ्या घेऊन येत. मग एका सकाळी विजया पुन्हा दगडावर असे, आणि काकू भर रस्त्यातून विचारत, "बसलीस का गं परत?" ती मान वर न करता पाने निवडत राही. पुढेपुढे निवडताना चांगली पानेही तिच्या हातून फाटू लागली. हे मी पाहिले आहे.

विरारच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावून सांगितले, की पाळी अनियमित असली की बीज केव्हा तयार होते, होते की नाही, याचा अंदाज येत नाही; रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतील, आणि त्यांतल्या काही पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. सदानंदला रजा मिळत नसे. तपासणी त्याचीही व्हायला हवी, असे बाईंनी सांगितल्यावर तर रजा मुळीच मिळेना. तेव्हा सुनेला एसटीने घेऊन जाणे तात्यांकडे आले.

पहिल्याच खेपेला त्यांनी प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढल्या. खिडकीवरच्या माणसाने भरल्या बाकांसमोर मोठ्याने विचारले, "मूल होत नाही ते पेशंट कोण? पाळी कधी आली?" तात्यांनी त्याला खुणेने जिना उतरायला लावला, रस्त्यावर नेऊन त्याची यथासांग पूजा बांधली, वर आले, खाकरले आणि सुनेशेजारी बसून म्हणाले, "हां, विचारा आता. हळू. पान शरमतं." हे मला विजयानेच सांगितले. त्या दिवशी ती पुष्कळ दिवसांनी हसली होती.

गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतर दगड इतका काळ रिकामा राहिला, की भीमाकाकूंनी दुपट्यासाठी जुनी लुगडी काढली. दिवस गेलेले नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी तपासून केव्हाच सांगितले होते. पाळी आली की पुन्हा रक्त द्यायला या, असेही. पण गावाला तपासणीचा अहवाल लागत नाही, दगड पुरतो.

त्या सकाळी मी कुंपणाशी केळीची वाळकी पाने काढत होतो. पलीकडे विजया वेलींत उभी राहून पाने खुडत होती. भीमाकाकू रस्त्याने गेल्या. तिला आत पाहून समाधानाने हसल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर विजया म्हणाली, "तात्या, उद्या रक्त द्यायला जायचंय."

रक्त केव्हा घेतात, हे तात्यांना एव्हाना पाठ होते. सून त्या दिवसांत होती आणि वेलींच्या मधोमध उभी होती.

"मला नाही बसवत त्या दगडावर," ती म्हणाली. "वेल सुकली तर सुकू दे."

तात्यांनी करंडी ठेवली आणि ते फाटकाबाहेर गेले. मी ओळखले, आता तोफ सुटणार. रस्त्यावर उभे राहून त्यांनी तोंड उघडले; आवाज आला नाही. मग खाकरले, चपला काढून आत आले आणि म्हणाले, "उन्हात नको उभी राहू."

दुसऱ्या दिवशी दोघे विरारला जाऊन आले. पुढे कितीतरी दिवस तात्या रोज पानांवरून हात फिरवून पाहत. एकही वेल सुकली नाही. आणि सारा मळा हिरवागार असतानाच त्यांनी त्याच्यावर कोयता चालवला.

मी कुंपणावरून विचारले, "विटाळ मानलात काय, तात्या?"

"वेलीला काय झालं नाय," ते हात न थांबवता म्हणाले. "वेल गप राहिली. गाव नाय राहायचं. मळा हाय तोवर पोर आत हाय का भाईर, ते बघनारच. केळीत कोन बघतो?"

मळ्याच्या जागी केळी लागल्या. केळीच्या वाडीत कोणीही, केव्हाही जाते. विजयाही जाऊ लागली, आणि तिचा महिना तिचा झाला. फाटक काढले, दगड विहिरीकडे गेला. तरी ती जागा आली, की तात्या खाकरत आणि चपला काढत. एकदा ते त्या दगडावर बसलेले दिसले. आगाशीच्या टपरीवरून विकत आणलेले एक कोरे पान तळहातावर ठेवले होते. चुना नाही, सुपारी नाही. खाल्लेही नाही.

हे लिहिण्यापूर्वी मी विजयाची परवानगी घेतली. ती म्हणाली, "लिहा, काका. तात्यांना वेडे म्हणाले तर चालेल, विटाळ मानणारे नको. पण मळा मोडला तिथवरच लिहा. पुढचं माझं."

पंगतीतल्या त्या गृहस्थांनी हे सारे ऐकून घेतल्यावर मला विचारलेच होते, "बरे, पण शेवटी मूल झाले की नाही?" मी हात धुतला, त्यांना मांडवाबाहेर रस्त्यावर बोलावले आणि या वयाला झेपेल तेवढ्या आवाजात बोललो. उत्तर दिले नाही. मग खाकरून, चपला काढून, पुन्हा आत येऊन बसलो.