चार दारं, एक बेरीज

वाचनालयाला चार दारं होती आणि प्रत्येक दाराशी एक द्वारपाल. कोणी आत आलं की द्वारपाल डाव्या खिशातलं एक बटण उजव्या खिशात टाकी. संध्याकाळी चौघं एका टेबलाशी बसून आपापली बटणं मोजत, चार आकड्यांची बेरीज फळ्यावर लिहीत आणि घरी जात. ही पद्धत एकवीस वर्षं बिनबोभाट चालली होती, हीच तिच्याबद्दलची मुख्य तक्रार होती.

त्या वर्षी परिपत्रक आलं. वाचक संगणकानेच मोजावेत, आणि चाचणीच्या चार दिवसांत रोजची सरासरी पाचशेच्या खाली गेल्यास वाचनालय बंद करावं. पूर्वेच्या दाराशी माझी मावशी होती, तिच्या निवृत्तीला चार वर्षं होती. मी नुकतीच विज्ञानाची पदवी घेऊन घरात सगळ्यांच्या चुका काढत बसले होते. घरच्यांना उसंत मिळावी म्हणून मावशीनेच वाचनालयाच्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला.

साहेब म्हणाले, "चार खिसे म्हणजे चार सत्यं. कार्यालयाला एकच लागतं, आणि तेही चालू. कधीही पडद्याकडे पाहिलं की त्या क्षणाची एकूण बेरीज दिसली पाहिजे."

मी प्रोग्रॅम लिहिला. त्यात चार थ्रेड ठेवले, म्हणजे एकाच वेळी राबणारे चार अदृश्य कारकून, दाराला एकेक. माणूस आला की कारकुनाने एकूण आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, परत लिहायचा. चाचणीसाठी मावशीला पूर्वेच्या दारातून चाळीस वेळा आत आणलं. पडद्यावर बरोबर चाळीस.

"आता बस कर गं," मावशी म्हणाली. "आकड्याचं माहीत नाही, माझे गुडघे खरे आहेत."

सोमवारी चारही दारं उघडली. आमच्या संगणकाला वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दोन सेकंद विचार करायला लागत. दोन दारांतून दोन माणसं एकदम आली. दोन्ही कारकुनांनी ४१२ वाचलं, एक मिळवला, ४१३ लिहिलं. दोघंही खोटं बोलले नव्हते. फक्त एक माणूस नाहीसा झाला होता. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. जसजशी गर्दी वाढली तसतसे वाचक घटत गेले. बुधवारी साहेबांनी शेरा मारला: "गर्दीमुळे वाचकसंख्येत घट. गर्दी कमी करावी."

मला दोष सापडला आणि उपायही ठाऊक होता. आकड्याला कुलूप लावायचं. किल्ली एकच, ती ज्याच्या हाती, त्यानेच आकड्याला हात लावायचा, बाकीच्यांनी थांबायचं. पुस्तकात लिहिलं होतं, किल्ली गरजेपुरतीच धरावी. मी गरजेवर सखोल विचार केला. माणूस उंबऱ्यावरून परत फिरला तर? खुर्चीत टेकेपर्यंत त्याला वाचक कसं म्हणायचं? म्हणून दार उघडण्याआधी किल्ली घ्यायची आणि माणूस बसल्यावर सोडायची, असं मी ठरवलं. दारांच्या कड्याही संगणकालाच जोडून टाकल्या.

गुरुवारी पूर्वेच्या दारात एक आजोबा बुटाची नाडी बांधायला वाकले. उरलेली तीन दारं बंद झाली.

"आजोबा, आत येऊन बांधा की!" मावशी ओरडली.

"आतही वाकावंच लागेल. घाई काय आहे?"

"मावशी, मला फक्त पुस्तक परत करायचंय," दक्षिणेच्या दाराबाहेरून एक मुलगी वळसा घालून विचारायला आली.

"थांब बाई. आजोबांची गाठ बसली की तुझी सुटेल."

नऊ मिनिटं गेली. रांगा लागल्या, कंटाळल्या, पांगल्या. संध्याकाळी पडद्यावर एकसष्ट. मी तीनदा पडताळलं. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. साहेबांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

मावशीने खिसा टेबलावर रिकामा केला. सवय सुटली नव्हती. दोनशे सात बटणं, तिच्या एकट्या दारावरून परत गेलेल्यांची.

"तुझा आकडा बरोबर आहे गं," ती म्हणाली. "माणसंच चुकली."

शुक्रवारी सकाळी मी सगळं सुधारलं. प्रत्येक कारकुनाने स्वतःचाच आकडा ठेवायचा, दुसऱ्याच्या आकड्याला शिवायचं नाही, कोणी विचारलं की चारांची बेरीज करून सांगायची. कुलूप नको, किल्ली नको. मी फळ्यावर चार चौकोन काढून मावशीला मोठ्या उत्साहाने समजावलं.

"म्हणजे खिसे," मावशी म्हणाली.

"खिसे," मी म्हणाले.

साहेबांना हे नावीन्य आवडलं. पण चार दिवसांची सरासरी, पाचशेच्या बरीच खालची, आदल्या संध्याकाळीच वरच्या कार्यालयाला कळवून झाली होती. मी दुरुस्तीचा अर्ज दिला. ते हळहळले. "चुकीचा आकडा दुरुस्त करता येतो. कालचा तर तुम्हीच तीनदा पडताळलाय. बरोबर आकडा दुरुस्त कसा करणार?"

वाचनालय बंद झालं. मावशीची बदली एका गोदामावर झाली. त्याला एकच दार आहे आणि कोणी येत नाही. तिथे माझा पहिला प्रोग्रॅम अचूक चालतो.

आता जो भेटेल तो मला सुनावतो, "शहाणपणा करून वाचनालय बुडवलंस." मी मान खाली घालते, कारण ते खरं आहे. मग एवढंच विचारते, "तुम्ही कोणत्या दाराने यायचात?" आजवर अकरा जणांनी जिन्याजवळचं दार सांगितलं. वाचनालयाला जिना नव्हता.

तुम्हालाही राग आला असेल, आणि तो योग्यच आहे. तुमच्या जवळच्या वाचनालयाला किती दारं आहेत?