पातेलं भागिले वाडगा

आमच्या गावातल्या शाळेचे गकुरू मास्तर त्या दिवशी बायकोचं ऐकून गप्प बसले असते, तर त्यांच्या मुलीचं, वारिगियाचं, लग्न तेव्हाच ठरलं असतं. न्याकियो, म्हणजे मास्तरांची बायको, एवढंच म्हणाली होती, "मुलाकडचे येणार आहेत. चर्चमध्ये आहेत तेवढ्या सगळ्या खुर्च्या आणा."

"सगळ्या कशाला? माणसं किती येणार ते आधी कळू दे."

"माणसं मोजतात का कधी?" वाटाणे सोलता सोलता न्याकियोने डोळे वटारले.

(आमच्याकडे माणसं मोजत नाहीत. मोजली की कमी होतात, असं जुनी मंडळी सांगतात. तेव्हा या गोष्टीतही पाहुण्यांचा आकडा मिळणार नाही, उगाच वाट पाहू नका.)

मास्तरांना तर आकडा हवाच होता. आणि मुलाकडच्यांचे म्होरके करीथीबाबा यांना तो विचारायची कुणाची छाती? माणूस भलता मानी. मागे एका घरी चहा गार मिळाला म्हणून मुलगी न मागताच उठून आले होते. पण दुपारी फळ्यावर पोरांना समीकरण फिरवून दाखवताना मास्तरांना वाट सापडली, आणि ते तसेच खडूच्या हातांनी घरी धावले.

"न्याकियो, मी माणसं मोजतच नाही! मी पातेलं मोजतो!"

झालं होतं असं, की पहिल्या भेटीला हीच मंडळी आली, तेव्हा बटाटा, मका, वाटाणे कुटून केलेल्या मुकिमोनं मोठं पातेलं काठोकाठ भरलं होतं, आणि शेवटी ते चाटूनपुसून रिकामं झालं होतं. म्हणजे पातेलं बरोबर माणसं गुणिले एकेकाचा वाटा. आता माणसं काढायची, तर त्यांना एका बाजूला एकटं उभं करायचं आणि वाटा पलीकडे धाडायचा. इकडे गुणत होता, तो तिकडे जाऊन भागायला लागतो. माणसं बरोबर पातेलं भागिले वाटा! एकाही पाहुण्याकडे बोट न दाखवता उत्तर हातात. मास्तर स्वतःवर इतके खूश झाले, की त्यांनी चहा चमच्याऐवजी खडूनं ढवळला.

वाटा म्हणून त्यांनी आपला रोजचा जेवायचा इनॅमलचा वाडगा घेतला. काठापर्यंत पातेल्यात वाडग्यानं पाणी ओतलं, उत्तर काढलं आणि तेवढ्याच खुर्च्या आणल्या. वर एकही नाही. चर्चचा सेक्रेटरी बिचारा म्हणत होता, "मास्तर, सगळ्या न्या, पडूनच असतात." तर त्यालाच ऐकवलं, "गणितावर विश्वास ठेवायला शिका!"

शनिवारी फाटकाबाहेर मुलाकडच्या बायकांची गाणी सुरू झाली. फाटक उघडलं, मंडळी आत आली. खुर्च्या भरल्या. मंडळी येतच राहिली. घरची बाकं भरली, दुधाचे कॅन उपडे घातले, शेजाऱ्याच्या विटा मांडल्या, तरी निम्म्या आत्या-मावश्या उभ्याच. आणि करीथीबाबा? ते आपल्याकडच्या बायकांना आधी आत धाडून सगळ्यांत शेवटी आलेले. शेवटी मास्तरांनी मेहुण्याला हाताशी धरून घरातला पलंगच पेरूच्या झाडाखाली आणला. बाबा त्यावर टेकले ते मधोमध खोल गेले. टोपी आणि काठी तेवढी वर राहिली.

"मास्तर," खालून आवाज आला, "आम्ही मुलगी मागायला आलोय, की दवाखान्यात भरती व्हायला?"

"बाबा, हिशोबात जरासं..."

"हिशोब? माझी माणसं मोजलीत तुम्ही?"

गाणी थांबली.

"नाही हो! पातेलं मोजलं!" मास्तर कळवळून म्हणाले. घाबरले की त्यांना शिकवायची सवय. उभ्या पाहुण्यांना त्यांनी अख्खं समीकरण समजावलं, बाजू बदलण्यासकट.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि वाटा कशानं मोजलात?"

न्याकियो आत गेली आणि वाडगा घेऊन आली. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला, आत डोकावले, शेजारच्या म्हातारीलाही दाखवला.

"आमच्याकडे माणसं मोजत नाहीत," ते म्हणाले, "म्हणून यात किती जण जेवतील ते सांगत नाही. पण हा एकाचा नाही."

अंगणात हशा पिकला. जेवणही सगळ्यांना पुरलं, कारण न्याकियोनं मास्तरांना न विचारता ते जुनंच पातेलं पुन्हा काठोकाठ भरलं होतं. मास्तरांना वाटलं, निभावलं. पण हात धुऊन बाबा उठले.

"पोट भरलं, बाई. पण माझ्या बहिणी उभ्या असताना मी मुलगी मागणार नाही. कॉफीची तोडणी उरकली की येऊ. खुर्च्या आमच्या आम्ही आणू."

वारिगिया नवे कपडे घालून सकाळपासून दारामागे थांबली होती. बोलावणं आलंच नाही. पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली, विटांकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं.

"बाबा, ताळा केला नव्हता?" तिनं मास्तरांना विचारलं.

रागावली असती तर बरं झालं असतं. उत्तर आलं की ताळा करून पाहावा, हे तिला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. आणि ताळा तर घरातच वाटाणे सोलत बसला होता. एकदा विचारायचं होतं. मास्तरांना फार वाईट वाटलं. चर्चच्या खुर्च्या परत द्यायला ते एकटेच गेले आणि सेक्रेटरीच्या नजरेला नजर न देता परतले.

संध्याकाळी वारिगियानं त्यांच्यापुढे छोटी ताटली ठेवली.

"माझा वाडगा कुठाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"अंगणात," न्याकियो म्हणाली. "कोंबड्या पाणी पितायत त्यात."

मास्तरांनी दारातून पाहिलं. वाडग्याभोवती घरच्या झाडून सगळ्या कोंबड्या, पिल्लांसकट, आरामात उभ्या होत्या.

"बघा, सगळ्यांना जागा झाली," न्याकियो म्हणाली. "आता त्यांना तरी मोजू नका."