रक्त अधिक गल्ली

आमच्या औरंगपुऱ्याच्या गल्लीत नळावर भांडण पेटलं की बाकीची माणसं सोडवायला धावतात. पाठक सर खुर्ची घेऊन धावतात. चार हात लांब खुर्ची मांडायची, चष्मा पुसायचा आणि बघत बसायचं. कुणाची शिवी माहेरची, कुणाची सासरची, सगळं टिपायचं.

एकदा मी संतापून म्हणाले, "सर, बादल्या डोक्यात पडायची वेळ आलीय. सोडवा की!"

"शास्त्रज्ञ बेडकांची भांडणं सोडवत नाही, पत्रकबाई."

पत्रकबाई म्हणजे मी. गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान आहे. ते हटवा म्हणून मी पत्रकं छापते, गुलमंडीत वाटते आणि भेटेल त्याच्याशी भांडते. सर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. आणि ते निसर्गवादी आहेत. म्हणजे झाडंबिडं लावणारे नव्हेत. दारातली तुळससुद्धा त्यांनी वाळवली आहे. हा साहित्यातला पंथ, एकोणिसाव्या शतकात फ्रान्सकडच्या लेखकांनी काढलेला. लेखकानं डॉक्टरासारखं राहावं, माणूस टेबलावर घ्यावा, चिरावा, आत दिसेल ते लिहावं. रडू नये, उपदेश करू नये. राजवाडे सोडून गुत्ते, खाणी, झोपड्या बघाव्यात. आणि माणूस स्वतःच्या मर्जीनं चालतो हा भ्रम सोडावा. बापाचं रक्त आणि भोवतालची परिस्थिती त्याला हाकते. सरांनी याचं सूत्रच केलंय : "माणूस म्हणजे रक्त अधिक गल्ली. बाकी शून्य."

हे ऐकलं की माझी कपाळाची शीर उडते.

"म्हणजे दारू विकणाऱ्याचा दोष नाही?"

"नाही."

"पिणाऱ्याचा?"

"मुळीच नाही."

"मग मोर्चा कुणावर काढू?"

"परिस्थितीवर."

"पत्ता द्या तिचा!"

तरी नवं पत्रक मी त्यांच्याकडेच नेते. शुद्धलेखनासाठी! सर लाल पेन्सिलीनं एकेक विशेषण मारत जातात. "'नराधम' काढ, 'दुकानदार' लिही. डोळ्याला दिसतं तेवढंच लिहायचं." धगधगतं पत्रक परत येतं ते नगरपालिकेच्या नोटिशीसारखं थंडगार होऊन.

सर भाजी घ्यायला गेले तरी भाजीवाल्याला तेच. "भाव नंतर. आधी सांग, तुझे आजोबा तापट होते का?"

"आवो सर, आजा कवाच मेला. जुडी घ्या ना!"

बारशाला सगळे बाळाचं नाक बघतात. सर जबडा बघतात आणि आईला सांगतात, "सासऱ्यांवर गेलाय. सांभाळा."

समोरच्या घरातली सुमन तर त्यांचा हुकमी पुरावा व्हायची होती. बाप बबन पिणारा, आजा पिणारा, घर दारूच्या दुकानाला लागून. "बघत राहा," सर म्हणायचे, "रक्तही तेच, गल्लीही तीच." सुमन मात्र बालवाडीत शिकवायला लागली, आणि तिथल्या प्रशिक्षणात तिला सोयगावचा एक मास्तर आवडला. मला कानात म्हणाली, "हा नाय झाला तर मला कोणच नको." मुलगा तयार होता, पण बापाची कीर्ती ऐकून त्याचे चुलते बिचकले. आणि आपल्याकडची ती संतापजनक रीत : स्थळ पक्कं करण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी! पाठक सर खोटं बोलत नाहीत, असं कुणीतरी सांगितलं. चुलते अप्पा एका दुपारी थेट त्यांच्या दारात. मी पत्रक घेऊन तिथंच बसलेली.

"बाप पितो म्हणं?" अप्पांनी विचारलं.

"पितो."

"रोज?"

"रोज."

मी पायानं सरांची खुर्ची ढकलली. खुर्ची सरकली, सर सरकले नाहीत.

"आन आजा?"

"त्याहून जास्त."

अप्पा टोपी सारखी करत उठलेच. "मंग झालं. लई उपकार. खाण तशी माती."

"बसा," सर म्हणाले. "अर्धंच सांगितलंय. बाप नालीत पडतो तेव्हा ही त्याला उचलून आणते, आंघोळ घालते, भाकर खाऊ घालते आणि तोंड धुऊन पोरांना गाणी शिकवायला जाते. ती फ्रॉकात होती तेव्हापासून मी ह्या खिडकीतून बघतोय. खाण तशी माती, हे मीही जन्मभर शिकवलं. ह्या पोरीनं मला खोटं पाडलं. गुणी आहे. हुशार आहे. मायाळू, सोशीक, हसरी, धीट..."

माझ्या पत्रकांतून मारलेली सगळी विशेषणं ते एकदम उधळत होते.

अप्पा खाली बसले. "येवढं तर सख्ख्यालाबी कोन म्हणत नाय, सर. तुमची कोन लागती पोरगी?"

"कुणी नाही. समोर राहते."

अप्पा तिथून उठले ते चहाला सुमनच्या घरी. मी तर नाचलेच. "सर, निसर्गवाद बुडाला!"

चिडतील असं वाटलं होतं. ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "माझे वडील वेडात गेले. आजोबाही. मला एक स्थळ आलं होतं, मला पसंत होतं. शास्त्राला स्मरून मी नकार कळवला. पुढच्या पिढीला कशाला, म्हणून." त्यांनी चष्मा पुसला. "आणि बघ, मी काही वेडा झालो नाही."

मी त्यांची लाल पेन्सिल उचलून टोक करायला घेतली.

लग्न उन्हाळ्यात झालं. मुलीला बोहल्यावर आणायला मामा लागतो, आणि सुमनच्या आईला भाऊ नाही. ती माउली सकाळीच सरांच्या दारात उभी. "दादा, चला. तिचे मामा तुमीच."

सर डांबरगोळ्यांचा वास मारणारा कोट घालून आले. सुमनला हाताला धरून आणलं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्यामागं ताठ उभे राहिले. अक्षता पडल्या. मी जवळ जाऊन बघते तर डोळे लाल, नाक लाल.

"काय हो सर?"

"धूर लागतोय," ते म्हणाले.

होम अजून पेटायचा होता.