टॅपच्या बुटांची सर्वानुमते निवड

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक लांबलचक टेबल समोर आणा. टेबलाभोवती सहा खुर्च्या, खुर्च्यांवर सहा मोठी माणसे, आणि मधोमध, जिथे एरवी पाण्याचा जग असतो तिथे, मुलांच्या मापाचे सात बूट. सातही उजव्या पायाचे. (डावा बूट उजव्यासारखाच असणार, हे पहिल्याच बैठकीत एकमताने गृहीत धरण्यात आले होते.)

जे काम आपल्याला स्वतःला करायचे नसते, त्याचा निर्णय माणूस फार शांत डोक्याने घेऊ शकतो. त्या शाळेची 'टॅप नृत्य पादत्राण निवड समिती' याच तत्त्वावर उभी होती, आणि तिच्याइतक्या शांत डोक्याची समिती मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

टॅप म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. या नाचाच्या बुटाला टाचेखाली आणि चवड्याखाली धातूची पट्टी बसवलेली असते. पाय जमिनीवर पडला की ती वाजते. इतर नाचांत पाय नाचतात आणि वाद्ये वाजतात. यात पायच वाजतात. बस, एवढेच. तुम्हाला हे दोन ओळींत कळले. समितीने यासाठी पोटसमिती नेमली होती.

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात चौदा मुले टॅप नाचणार होती. त्यांतली एक नऊ वर्षांची मुलगी होती. घरात तिला टकळी म्हणत. तोंडाने ती अबोलच होती; टकळी चालायची ती पायांची. जेवणाच्या टेबलाखाली, दात घासताना, लिफ्टची वाट बघताना तिचे पाय काही ना काही बोलत असत. आई म्हणायची, पाय आवर. आजोबा म्हणायचे, चालू दे, फक्त शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलंय.

आजोबांनी चौतीस वर्षे एका कचेरीत टंकलेखन केले होते. पलीकडच्या खोलीत कोण टाइप करतो आहे आणि त्याचे बोट कुठे घसरले, हे ते भिंतीआडून सांगत. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत असे. नातवंडांचे कार्यक्रम म्हणजे त्यांच्यासाठी शेजारच्याने कानात केलेले वर्णन. पण या नाचात टकळीला सोळा ठोके एकटीने वाजवायचे होते, बाकीची तेरा मुले तेवढा वेळ थांबणार होती. आजोबांनी घरात जाहीर केले होते, "त्या दिवशी कुणी माझ्या कानात बोलायचं नाही. तिचे सोळा ठोके माझे मीच ऐकेन."

बुटांकडून टकळीची एवढीच अपेक्षा होती. ती समितीपुढे आली नाही, कारण पालकांकडून भरून घेतलेल्या अर्जात तसा रकाना नव्हता. (रक्तगटाचा होता.)

समितीची रचना अतिशय विचारपूर्वक केलेली होती. अध्यक्षस्थानी मुख्याध्यापिका. सभागृहाच्या खालच्याच मजल्यावर वाचनालय, म्हणून वाचनालयाच्या बाई. सभागृहाच्या लाकडी जमिनीला नुकतेच पॉलिश झालेले, म्हणून इमारतीची देखभाल पाहणारे काका. हिशोबीपणा यावा म्हणून गणिताचे सर. शिस्तीसाठी पीटीचे सर. आणि पायांविषयी वैद्यकीय मत हवे म्हणून एक पालक, जे दातांचे डॉक्टर होते. नाच शिकवणाऱ्या ताईंनाही बोलावले होते, पण मताधिकाराशिवाय. त्यांना नाचता येत असल्यामुळे त्या तटस्थ राहू शकल्या नसत्या.

पाच बैठका झाल्या, एकोणीस चाचण्या झाल्या, अहवाल त्रेचाळीस पानांचा झाला. बूट पाण्यात बुडवून पाहिले, शिडीवरून टाकून पाहिले, उन्हात ठेवून रंग उडतो का ते पाहिले. मोजलेल्या पायांची संख्या शून्य. मापाचा प्रश्न दातांच्या डॉक्टरांनी चुटकीसरशी सोडवला: मुलांचे पाय वाढतात, तेव्हा सगळ्यांना एक माप मोठे घ्यावे.

निर्णायक ठरली ती आवाजाची चाचणी. देखभालवाले काका वर सभागृहात एकेक बूट हातात धरून जमिनीवर आपटत, आणि वाचनालयाच्या बाई खाली वही घेऊन बसत. सहा बुटांनी आवाज केला. त्यांच्यापुढे लाल फुली पडली. शिवाय त्यांचे पॉलिशवर ओरखडे उठले. सातव्या बुटाने मात्र काही म्हणजे काही आवाज केला नाही, ओरखडाही नाही. बाई धावत वर आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

नमुने घेऊन आलेले, बूट शिवणारे काका दाराशी उभे होते. ते म्हणाले, त्याला अजून पट्ट्या बसवायच्या राहिल्यात, अर्धवट आहे तो, घाईत पिशवीत आला. इतिवृत्तात याची नोंद अशी आहे: 'विक्रेत्याने बुटासोबत जादा सामान खपवण्याचा प्रयत्न केला. समिती त्यास बळी पडली नाही.'

ताईंनी हात वर केला. मताधिकार नसला तरी हात होता.

"याला टॅपच नाहीत," त्या म्हणाल्या.

"अहो, तेच तर आम्ही दोन महिने शोधत होतो," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

नमुना क्रमांक सात सर्वानुमते मंजूर झाला. वाचनालयाच्या बाईंच्या सूचनेवरून तळाला नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा, एक थर वाढवण्यात आला.

बूट घरी आले त्या संध्याकाळी आजोबा खुर्ची ओढून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. टकळीने नाडी बांधली आणि सोळाच्या सोळा ठोके, एकही न चुकता, फरशीवर वाजवले.

आजोबा वाट बघत राहिले. मग म्हणाले, "हं, कर की सुरू."

टकळीने नाडी सोडली. आईने दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून शाळा गाठली, टकळी तिच्या मागे. तिथे कळले की समिती गाफील नव्हती. नाचात आवाज असावा, ही पालकांची भावना समितीने लक्षात घेतली होती, आणि तो आवाज वेगळा तयार करून घेतला होता. मुलांच्या पायांवर विसंबण्यात चुकांचा धोका. म्हणून गणिताच्या सरांनी स्वतःच्या टेबलावर स्टीलचे दोन चमचे वाजवून संपूर्ण नाच मोबाइलवर नोंदवला होता. तो मोठ्या स्पीकरवर लागणार होता. वाचनालय कार्यक्रमाच्या दिवशी बंद असते, याची आठवण आईने करून दिली. त्यावर वाचनालयाच्या बाई शांतपणे म्हणाल्या की प्रश्न तत्त्वाचा आहे.

टकळीने एकच विचारले. "बाई, त्यात माझा आवाज कुठला?"

"सगळ्यांचा मिळून एकच आहे बाळा," मुख्याध्यापिका प्रेमाने म्हणाल्या. "म्हणजे कुणी चुकणार नाही."

कार्यक्रमाला सभागृह भरले होते. आजोबा चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत. घरातले कुणी त्यांच्या कानात बोलत नव्हते. पडदा उघडला, चौदा मुले हलू लागली आणि स्पीकरमधून खणखणीत ठोके आले. लोक सुखावले. काय पाय आहेत पोरांचे, कुणीतरी म्हणाले. ज्या मुलांना दोन महिन्यांत एकही ठेका जमला नव्हता, त्यांचेही पाय तितकेच अचूक ऐकू येत होते, आणि त्यांचे पालक तर डोळे पुसत होते. समितीच्या कामाची याहून मोठी पावती कोणती?

मग तेरा मुले थांबली आणि टकळीचे सोळा ठोके सुरू झाले. आजोबांनी मान एका बाजूला कलती केली. चौथ्या ठोक्याला त्यांनी भुवया आवळल्या आणि नेहमीच्या आवाजात, जसे कचेरीत बोलत तसे, म्हणाले, "ही बोटं आहेत. पाय नाहीत हे. ती कुठंय?"

ते स्टेजपर्यंत ऐकू गेले. टकळी थांबली.

ती स्तब्ध उभी राहिली, हात खाली सोडून. तिचे ठोके मात्र चालू राहिले, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या, कारण नवव्यापासून बाराव्यापर्यंतचे ठोके खरोखरच कठीण असतात. सोळा ठोके संपले, बाकीची मुले पुन्हा हलू लागली, टाळ्या आणखी वाढल्या. टकळी खाली बसली. तिने बूट काढले, मोजे काढले, ते नीट बाजूला ठेवले, आणि त्या नव्या पॉलिशवर अनवाणी उभी राहून टाच आपटली.

धप्.

फार सुरेख आवाज नव्हता तो. टाचेचा होता. पुन्हा धप्, मग चवडा, मग दोन्ही. ती एकापासून मोजत होती. चौथ्या रांगेत आजोबांनी गुडघ्यावरचे एक बोट उचलले आणि तिच्याबरोबर खाली आणले.

सभागृहात कुजबुज झाली. या मधल्याच धपधपीमुळे नाच नीट ऐकू येईना. समितीतले सहाही जण गप्प होते, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांना काही करावेच लागले नाही. "शूः" म्हणाले ते प्रेक्षक. आधी एक, मग रांगच्या रांग. भली माणसे होती, घरी मुलांना गोष्टी वाचून दाखवणारी. त्यांच्या मांडीवर तुमच्याएवढी मुले होती, आणि तीही ओठांवर बोट ठेवून "शूः" म्हणत होती, कारण सगळे म्हणत होते. तुम्ही तिथे असता तर काय केले असते, ते मला सांगू नका. आता तुम्ही शहाण्यासारखेच उत्तर द्याल.

टकळीने ती "शूः" ऐकली. ती नवव्या ठोक्यावर होती. तिने टाच वर उचलली आणि आणखी जोरात आपटली.