तानाबाईंचं बिनतक्रार पोट

घराची अब्रू उंबऱ्यात असते असं सांगतात, ते एकदा तपासून घ्यावं. ती घरातल्या कर्त्या बाईच्या पोटात असते. पोट गप्प, तर घर ताठ.

शाहूपुरीतल्या तानाबाईंनी याच तत्त्वावर चाळीस वर्षं स्वयंपाकघर चालवलं. नियम एकच: जिचं पोट तक्रार करील तिनं चूल सोडायची. नियम त्यांनी स्वतः केला होता, नवी सून असताना, सासूबाईंचे करपट ढेकर मोजून. सासूबाई देवघराकडं गेल्या, मसाल्याच्या कपाटाची किल्ली तानाबाईंच्या कमरेला आली. (याला कुणी कारस्थान म्हणत असेल तर त्यानं अजून संसार केलेला नाही.)

यंदा मार्चपासून मात्र तानाबाईंच्या छातीखाली जळत होतं. जळजळ सासूबाईंना होते. कर्तबगार बाईला फक्त ‘उन्हाचा त्रास’ होतो, आणि तो भर पावसातही होऊ शकतो. उन्हाच्या गोळ्या त्यांनी कांदा-लसणाच्या चटणीच्या बरणीमागं ठेवल्या. खिडकीत बसून केलेल्या पाहणीनुसार गल्लीतल्या सतरा बायकांपैकी चौदा जणींना पित्त आहे. दोघी खोटं बोलतात. सतराव्या तानाबाई.

अडचण सुनेची होती. वर्षाराणीनं मोबाइलवर पोटाचं शिक्षण घेतलं होतं. पोटात चांगले जंतू असतात, त्यांना रोज काहीतरी आंबवलेलं, कोंड्यासकट घालावं लागतं. ते खूश तर झोप, मन, सांधे सगळं खूश, असं ती सांगायची.

“आमी काय जंतवास्नी अन्नछत्र काढलंय व्हय?” तानाबाई म्हणाल्या.

वर्षाराणीनं वाद घातला नाही. मडकंभर नाचणीची आंबील करून ठेवायची आणि दुपारी शिवणक्लासला निघून जायची.

मग तानाबाई मडक्याची तपासणी करायच्या. घरात काय शिजतंय यावर नजर ठेवणं कर्त्या बाईचं काम. तपासणी एका वाटीनं सुरू झाली; एका वाटीत नीट कळत नाही म्हणून दुसरी. तीन आठवडे कसून तपासणी केल्यावर उन्हाचा त्रास गेला, झोप लागू लागली, सकाळचा अर्ध्या तासाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटू लागला. श्रेय त्यांनी आपल्या रोजच्या झणझणीत तांबड्या रश्श्याला दिलं.

आषाढात वर्षाराणीचे वडील, पिराजीराव, राधानगरीहून मटणाच्या जेवणाला आले. दुसऱ्या वाटीनंतर त्यांनी हात आडवा धरला.

“बास, विहीणबाई. पित्त हाय मला.”

“लाजताय व्हय, पावणं? अडुसष्टावं लागलंय मला, रोज ह्योच रस्सा खाती. पोटानं कधी हूं म्हटलं न्हाय.” आणि आग्रहाच्या भरात त्यांनी आपल्याच पानातली वाटी पिराजीरावांच्या वाटीत पालथी केली.

पिराजीराव प्याले. वाटीत वाकून बघू लागले.

“ह्यात मिरची कुठं हाय वो? बिटाचं पाणी लागतंय की.”

चाळीस वर्षांची चूल त्या वाटीच्या तळाशी दिसत होती. तानाबाईंचा हात आपोआप कमरेच्या किल्लीवर गेला.

“तुमच्या पित्तासाठी आत्यांनी मुद्दाम वेगळा केलाय, आबा,” वर्षाराणी म्हणाली आणि भात वाढायला लागली.

पिराजीरावांना गहिवरून आलं. विहीण असावी तर अशी, असं ते दोनदा म्हणाले. तानाबाईंनी ते दोन्ही वेळा मान्य केलं.

पानं उचलल्यावर त्यांनी सुनेला मोरीपाशी गाठलं. “कधीपास्नं गं?”

“महिना झाला, आत्या. तुमच्या वाटीतला रस्सा वेगळा करते, वाढायचं काम माझ्याकडंच हाय की.”

“आन् आंबील?”

“दोन वाट्या जास्तच करते. गोळ्या सोमवारी टाकल्या, तारीख उलटली होती.”

तानाबाईंनी त्याच पावली नियमात दुरुस्ती केली: तक्रार पोटानं स्वतः, चारचौघांत केली तरच धरावी. किल्ली कमरेलाच राहिली. मसाल्याचं कपाट महिनाभर सुनेला उघडंच होतं, एवढं सोडलं तर त्यांच्या कारभारात कसलाही बदल झालेला नाही.

वाचणाऱ्यांनी खुशाल हसावं. फक्त हसताना छातीखाली चोळणारा हात काढावा, आणि आपल्या पानातली वाटी रोज कोण भरतं, हे एकदा आठवून बघावं. बरणीमागं तुम्ही काय ठेवलंय, ते त्या माणसाला कधीच माहीत झालंय.