बिजलीची सोयरीक

नांदूरघाटच्या अर्जुनरावांनी दिंद्रुडच्या व्याह्यांना भर पंगतीत शब्द दिला होता, की आमच्या बिजली कुत्रीचं अस्सल कारवानी, शिकारी जातीचं पिल्लू तुम्हाला देईन, भेसळीचं नाव न्हाई. व्याही हरिओमराव नुसते हसले आणि "बघू" म्हणाले. ते हसू अर्जुनरावांना तेव्हापासून सलत होतं. लेकीच्या सासऱ्यापुढं खोटं पडायचं म्हणजे जन्माची शरम हो!

पण बिजलीच्या तोलामोलाचा नवरा जवळपास मिळेना. शेवटी एका जातिवंत कुत्र्याचं वीर्य कर्नाटकातून बर्फाच्या डब्यात मागवलं. डबा पोचला त्याच सकाळी बिजली माजावर आली. अर्जुनरावांना हा शकुनच वाटला.

गाईंना कृत्रिम रेतन करणाऱ्या त्रिंबकला बोलावलं. गाई भरवण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. कुत्री मात्र पहिलीच.

"डब्यात माहितीचं पुस्तक हाय, वाचा की," अर्जुनरावांची बायको सत्यशीलाबाई म्हणाली.

"वैनी, बारा वर्षं झाली मला. सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरायचं. त्यात वाचायचं काय हाय?"

संध्याकाळी नळीनं काम उरकलं. "आता मागचे पाय वर धरा, पंधरा मिनटं," त्रिंबक म्हणाला. एवढं मात्र त्यानं फोनवर बघून ठेवलं होतं. कडक इस्त्रीतले अर्जुनराव अंगणात बिजलीला ढकलगाडीसारखी धरून उभे राहिले. येणारेजाणारे रामराम घालत होते आणि यांना हात जोडता येईनात.

भज्यांचं हॉटेल चालवणारा बंकट फाटकाशी थांबला. "मालक, काय चाललंय?"

"व्यायाम," अर्जुनराव म्हणाले.

कुणाचा, ते बंकटनं विचारलं न्हाई. शहाणा माणूस.

"उद्या माज उतरंल. सोडा मोकळी," त्रिंबकनं जाताना सांगितलं. गाईचा उतरतो. कुत्रीचा तीन आठवडे चालतो आणि खरी वेळ दहा-बारा दिवसांनी येते, हे त्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं म्हणे. पण तोवर बिजली गावभर फिरत होती आणि अर्जुनराव निवांत झोपत होते.

दोन महिन्यांनी चार पिल्लं झाली. पांढरी, काळ्या ठिपक्यांची, शेपट्या जिलबीसारख्या. अर्जुनरावांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"ल्हानपणी असंच दिसतंय," त्रिंबक म्हणाला आणि मग महिनाभर त्या गल्लीतून गेलाच न्हाई.

पिल्लं मोठी झाली तसे ठिपकेही मोठे झाले. अशात एक दिवस हरिओमराव निरोप न देता गाडी घेऊन दारात. त्यांनी एक पिल्लू उचललं, उलटंपालटं करून पाह्यलं, खाली ठेवलं आणि बाजेवर बसून चहा घेतला.  

तेवढ्यात बंकट आला. हातात गरम भज्यांचं ताट, मागं हॉटेलातलं कुत्रं. पांढरं, ठिपक्यांचं, शेपूट जिलबीसारखं. चारी पिल्लं त्याच्याकडं धावली.

"लेकरं बघाय आलो, मालक. रिकाम्या हातानं कसं यावं?" बंकटनं ताट ठेवलं आणि हरिओमरावांकडं वळला. "आपण कोण, पावणं?"

"मी व्याही," हरिओमराव म्हणाले.

"मग सरका थोडं," बंकट बाजेवर टेकला. "मी बी व्याहीच."