बांगडेभाऊंची न फुटणारी वीट

बांगडेभाऊ पहिल्यांदा आमच्या नेहरू नगरच्या घरी आले ते पिशवीत वीट घेऊन. चहा यायच्या आत त्यांनी ती छातीच्या उंचीवरून आमच्या नव्याकोऱ्या फरशीवर सोडली. धाडकन! बायको किंचाळली.

"फुटली का? सांगा मले, फुटली का?"

वीट शाबूत होती. फरशीला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा! "फरशीच कच्ची हाये तुमची," म्हणत भाऊंनी बशीत चहा ओतला. जाताना वीट तड्यावर ठेवून गेले. बायकोनं रागारागानं तिच्यावर पाण्याचा माठ मांडला.

आम्ही एकाच विटांच्या कंपनीत. मी स्टोअरमध्ये, ते भट्टीवर. आणि भट्टीवरच्याच या माणसाला भट्टीचा राग! वीजघराची राख अन् चुना कालवून त्यांनी ही न भाजायची वीट काढली होती. "शेताची माती कावून खोदून राहिले? कोळसा कावून जाळून राहिले?" हे ते लोकांच्या बारशातसुद्धा ऐकवत. कंपनीच्या साहेबांचं एकच, "नवा माल दहा वर्षं टिकलेला दाखवा, मग काढू." अहो, काढलाच नाही तर टिकेल कुठून?

भाऊंनी काय करावं? घरचा धडधाकट दगडी ओटा फोडला आणि सहा राखेच्या विटांचा धुण्याचा ओटा बांधला! वहिनींना भट्टीच्या धुरानं दमा लागलेला, तरी कालवायला त्याच. दोन वर्षांनी त्या गेल्या. भाऊ त्या ओट्यावर एकटेच कपडे धूत राहिले.

दहा वर्षं भरली तशी साहेबांनी तपासणीला सहा जुन्या विटा मागितल्या. भाऊंनी ओटा उकलला आणि माझ्या टेबलावर पाच विटा मांडल्या.

"सहावी?"

त्यांनी पिशवीतून वहिनींच्या लुगड्यात गुंडाळलेली वीट काढली. तिच्यावर पाच बोटं उमटलेली. "ओली होती तवा आमच्या सुमननं हात ठेवला होता."

"द्या की भाऊ. तुमची वीट फुटते कुठं?"

"लॅबवाले दाबून पाह्यतात," ते हळूच म्हणाले. "फुटन ना ती."

हा माणूस असं म्हणतो? सहावीशिवाय साहेब विटा तपासणीला घेणार नव्हते. मी तशीच सायकल काढली, घरी आलो आणि माठ उतरवून खालची, तेवढीच जुनी वीट ओढली.

"माठ कावून हलवून राहिले?" बायकोनं विचारलं.

मी वहिनींच्या हाताच्या विटेचं सांगितलं. ती तड्याकडे बघत राहिली. मग पदरानं तिनंच ती ओली वीट पुसून दिली.